जो रोग जाणार नाही, त्याचा रक्तस्राव थांबवावा काय?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी आमच्या नात्यातील एक खाला राहत असत. वय ५८. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर त्यांचे किरणोपचार होऊन गेले होते. वर्षभराने रोग परतला. या वेळी तो मूत्राशयापर्यंत पसरला होता. शस्त्रक्रिया शक्य नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि कुटुंबाने ते मान्य केले. मान्य करता येत नव्हता तो रक्तस्राव. तो थांबत नव्हता. दर आठ-दहा दिवसांनी रक्त चढवावे लागे आणि चढवलेले रक्त पुन्हा वाहून जाई. फुटक्या माठात पाणी ओतावे तसे ते चालले होते. खालांनी पाहुण्यांना भेटणे बंद केले होते. कपड्यांना वास येतो, असे त्यांना वाटे. चाळीस वर्षे न चुकलेली नमाजही त्यांनी सोडली होती. “मी पाक कुठे आहे?” एवढेच त्या म्हणत.

डॉक्टरांनी एक मार्ग सुचवला. जांघेतील रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत नेऊन, गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतूनच बंद करायच्या. पोट फाडायचे नाही, पूर्ण भूल द्यायची नाही. गाठ मात्र तशीच राहील, हे त्यांनी स्पष्ट केले. रक्त थांबले तर काही आठवडे, कदाचित काही महिने बरे जातील.

थोरला मुलगा आखाती देशात नोकरीला. फोनवर तो म्हणाला, “जी गोष्ट बरी होणारच नाही, तिच्यासाठी अम्मीला पुन्हा टेबलावर कशाला झोपवायचे? आता सब्र करू या. अल्लाहवर तवक्कुल ठेवू या.” घरी सेवा करणारी मुलगी म्हणाली, “भाईजान, रोग जात नसेल तर न जावो. पण हे रक्त मला रोज धुवावे लागते आणि अम्मी ते रोज पाहतात.” मग वडीलधाऱ्यांची मते घेण्यात आली. कोणी सब्रची आठवण दिली, कोणी खर्चाची. ज्यांचे रक्त वाहत होते त्यांना मात्र त्या दिवशी कोणी काही विचारले नाही.

भाऊ चुकीचा होता असे मला म्हणायचे नाही. त्याच्या मनात आईविषयी माया होती आणि अल्लाहविषयी श्रद्धा होती. तरीही त्याच्या बोलण्यात एक गृहीतक होते. उपचार म्हणजे रोग बरा करणे, आणि रोग बरा होत नसेल तर उपचाराला अर्थ नाही; उरतो तो फक्त सब्र. आपल्या अनेक घरांत हेच गृहीतक धरून निर्णय होतात. इस्लामची शिकवण खरोखर असे सांगते काय?

हा उपचार काय करतो आणि काय करत नाही

नैतिक प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी वस्तुस्थिती नीट समजून घेणे हेही एक धार्मिक कर्तव्यच आहे. अर्धवट माहितीवर दिलेला सल्ला अमानतीत खोट आणतो.

वाढलेली गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. या वाहिन्या कच्च्या असतात. गाठीचा पृष्ठभाग झडू लागला की त्या उघड्या पडतात आणि रक्त वाहू लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ते योनीमार्गाने जाते, फुप्फुसाच्या कर्करोगात खोकल्यावाटे येते, तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात तोंडातून येते, जठराच्या कर्करोगात उलटीतून किंवा काळ्या शौचातून दिसते. गाठ कापून काढणे शक्य नसते, कारण ती शेजारच्या अवयवांत रुतलेली असते किंवा शरीरात इतरत्र पसरलेली असते.

अशा वेळी डॉक्टरांच्या हाती काही साधने उरतात. रक्त गोठण्यास मदत करणारी औषधे देता येतात. योनीमार्गात किंवा जखमेवर कापडाचा दाब देता येतो. थोड्या मात्रेचे किरणोपचार देता येतात. त्यांचा परिणाम दिसण्यास सहसा काही दिवस लागतात, आणि एकदा पूर्ण मात्रा दिलेल्या जागी ते पुन्हा देता येतीलच असे नसते. जठरासारख्या अवयवात दुर्बीण घालून रक्तस्रावाची जागा भाजता येते. आणि या लेखाचा विषय असलेला उपचार म्हणजे रक्तवाहिनी आतून बंद करणे. त्याला एम्बोलायझेशन म्हणतात.

शरीर न फाडता, सुईच्या छिद्रातून रक्तवाहिनीत नळी सरकवण्याची सोपी पद्धत स्वीडनचे डॉक्टर सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडली. १९७२ साली अमेरिकेतील रोश व डॉटर या डॉक्टरांनी याच मार्गाने जठराचा रक्तस्राव थांबवल्याची हकीकत प्रसिद्ध केली. वाहिनी बंद करण्यासाठी त्यांनी त्या रुग्णाच्याच गोठलेल्या रक्ताची गुठळी वापरली होती. आज त्यासाठी जिलेटिनचा स्पंज, कृत्रिम पदार्थाचे अतिसूक्ष्म कण, प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी किंवा एक प्रकारचा वैद्यकीय गोंद वापरला जातो. जांघेत किंवा मनगटात तेवढ्यापुरती भूल देऊन नळी आत घालतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती गाठीकडे जाणाऱ्या वाहिनीपर्यंत नेतात. वाहिन्या दिसाव्यात म्हणून एक रंगद्रव्य सोडतात आणि नेमकी वाहिनी सापडली की तिच्यात हे पदार्थ भरतात. रुग्ण बहुधा जागाच असतो.

यात धोके आहेत. पुढचे काही दिवस ताप, वेदना, मळमळ होऊ शकते. रंगद्रव्यामुळे अशक्त मूत्रपिंडावर ताण पडतो. सोडलेले कण भलत्या वाहिनीत गेले तर निरोगी अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो. फुप्फुसाच्या बाबतीत पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका क्वचित असतो, पण तो गंभीर आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाठ जिवंतच राहते. ती नव्या वाहिन्या शोधते आणि रक्तस्राव काही काळाने परतू शकतो. हा उपचार रोगाशी लढत नाही. रोगाने उघडलेले एक दार तो काही काळ बंद करतो.

उहुदची राख आणि मदीनेच्या मशिदीतील तंबू

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात वाहत्या रक्ताचे दोन प्रसंग आहेत. दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत, पण या प्रश्नाच्या उजेडात आपण ते क्वचितच पाहतो.

पहिला प्रसंग हिजरी सन ३ मधील उहुदचा. प्रेषितांच्या चेहऱ्याला जखम झाली, दात दुखावला. हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी आणत होते आणि हजरत फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. पाण्याने रक्त थांबेना, उलट वाढू लागले. तेव्हा हजरत फातिमांनी चटईचा तुकडा जाळला, त्याची राख जखमेवर दाबली आणि रक्त थांबले. सहीह बुखारीत हा वृत्तान्त आहे. अल्लाहचे सर्वांत प्रिय दास स्वतः तेथे उपस्थित होते. कोणीही दुआ करून वाट पाहत बसले नाही. पाण्याचा उपाय चालला नाही हे दिसताच दुसरा केला गेला. एक मुलगी आपल्या वडिलांचे रक्त थांबवत होती, आणि या कृतीत तवक्कुलला बाधा येते असे त्या घरात कोणालाही वाटले नाही.

दुसरा प्रसंग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. हिजरी सन ५ मध्ये खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या मोठ्या शिरेत बाण लागला. प्रेषितांनी त्यांच्यासाठी मशिदीतच तंबू उभारला, जेणेकरून त्यांना जवळून पाहता यावे. सहीह मुस्लिममधील वृत्तान्तानुसार प्रेषितांनी बाणाच्या पात्याने स्वतःच्या हाताने ती जखम डागली. हात सुजला तेव्हा त्यांनी ती पुन्हा डागली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डाग देण्याचा उपाय प्रेषितांना आवडत नसे. आपल्या समुदायाला त्यांनी त्यापासून परावृत्त केले होते. तरी वाहत्या रक्तापुढे त्यांनी तोच उपाय केला, आणि एकदा नव्हे तर दोनदा केला. इमाम खत्ताबी (रह.) यांनी याचे कारण असे दिले आहे की सादांचे रक्त वाहत राहून त्यात त्यांचा अंत होईल, ही भीती होती. दुसरी गोष्ट अशी की साद बरे झाले नाहीत. काही आठवडे त्यांची शीर थांबून राहिली. त्या काळात त्यांच्यावर एक मोठी जबाबदारी आली आणि ती त्यांनी पार पाडली. मग जखम पुन्हा फुटली आणि ते आपल्या पालनकर्त्याकडे गेले. त्यांच्या मृत्यूने अल्लाहचे सिंहासन हलले, असे हदीसमध्ये आले आहे.

आता कोणी म्हणेल काय, की ते दोन डाग वाया गेले? जखमेने शेवटी त्यांचा जीव घेतलाच. पण मधले ते आठवडे होते, आणि त्या आठवड्यांत एक माणूस आपले काम पुरे करून गेला. उपचाराचे मोल केवळ शेवटावरून ठरवायचे असेल तर जगातील कोणताच उपचार सफल नाही, कारण प्रत्येकाचा शेवट मृत्यूच आहे.

तवक्कुल, सब्र आणि कर्तव्य

एका व्यक्तीने प्रेषितांना विचारले होते की आपण जी औषधे घेतो ती अल्लाहने ठरवलेल्या गोष्टी टाळू शकतात काय? त्यावर प्रेषितांनी असे समजावले की औषधेही अल्लाहच्याच ठरावाचा भाग आहेत. मृत्यूची घटका निश्चित आहे यावर आपले ईमान आहे. पण ती घटका कोणती, हे आपल्याला सांगितलेले नाही, आणि घटका येईपर्यंतचे दिवस कसे जावेत यासाठी हातपाय हलवण्यास कोठेही मनाई नाही.

आपल्या फुकहांनी या प्रश्नाची बारीक उकल केली आहे. भारतात सतराव्या शतकात संकलित झालेल्या फतावा आलमगिरीत हानी दूर करणाऱ्या साधनांचे तीन प्रकार केले आहेत. तहानेला पाणी व भुकेला भाकरी हे निश्चित साधन. मृत्यूचे भय असताना ते नाकारणे म्हणजे तवक्कुल नव्हे, ते निषिद्ध आहे. सर्वसाधारण औषधोपचार हे संभाव्य साधन. ते घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, न घेणे हेही पाप नाही. तिसरे केवळ कल्पनेवर आधारलेले. एखादा उपचार कोणत्या प्रकारात बसतो हे काळानुसार, ज्ञानानुसार बदलू शकते, हे येथे विसरता कामा नये.

१९९२ साली जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने उपचारांविषयी ठराव केला. त्यानुसार उपचार टाळल्याने जीव किंवा अवयव जाण्याची भीती असेल तर उपचार करणे वाजिब ठरते. काही स्थितींत तो इष्ट, काहींत केवळ अनुज्ञेय, आणि उपचारामुळे होणारा त्रास मूळ दुखण्याहून अधिक असण्याची भीती असेल तर मकरूह. त्याच ठरावात असाध्य स्थितीविषयी दोन मुद्दे आहेत. असाध्य कोणाला म्हणायचे हे त्या त्या काळी व स्थळी उपलब्ध असलेल्या साधनांवर ठरते. आणि बरे होण्याची अपेक्षा असो वा नसो, रुग्णाच्या वेदना हलक्या करणे व त्याच्या मनाला आधार देणे हे कर्तव्य राहतेच. म्हणजे रोग हाताबाहेर गेला तरी रुग्णाचा हक्क आपल्यावरून उतरत नाही.

हा विवेक मुस्लिम वैद्यांना पूर्वीपासून होता. कुर्तुब्याजवळचे अबुल कासिम अल-जहरावी (निधन १०१३) यांच्या अल-तसरीफ या ग्रंथात कर्करोगाच्या जुन्या व मोठ्या गाठीला हात लावू नये, असा स्पष्ट सल्ला आहे. अशी गाठ आपण कधी बरी करू शकलो नाही आणि दुसऱ्या कोणी केल्याचे पाहिलेही नाही, ही कबुलीही त्यांनी दिली आहे. त्याच ग्रंथात धमनीतून वाहणारे रक्त थांबवण्याचे मार्ग आहेत: डागणे, धमनी पूर्ण तोडणे, तिला दोऱ्याने बांधणे, रक्त रोखणारी औषधे लावणे. गाठीपुढे नम्रपणे हात मागे घेणारा हा वैद्य वाहत्या रक्तापुढे हात मागे घेत नाही.

राहिला सब्रचा प्रश्न. मिरगीचा त्रास असलेली एक स्त्री प्रेषितांकडे आली, हा प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. झटका आला की तिचे अंग उघडे पडे. तिने दुआ मागितली. प्रेषितांनी तिला निवड दिली: सब्र केलास तर स्वर्ग आहे, आणि इच्छा असेल तर बरे होण्यासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडला. पण लगेच आणखी एक विनंती केली, की निदान झटक्यात अंग उघडे पडू नये यासाठी दुआ करावी. प्रेषितांनी तशी दुआ केली.

या प्रसंगाचा पूर्वार्ध आपण नेहमी सांगतो. उत्तरार्धाकडे आपले लक्ष जात नाही. रोग राहिला आणि रोगासोबत येणारी अप्रतिष्ठा दूर झाली. प्रेषितांनी त्या स्त्रीला असे म्हटले नाही की सब्रच करायचा आहे तर तोही त्यात धरून चाल. रोग सहन करणे आणि त्याच्यासोबतची विटंबना दूर करू पाहणे या दोन गोष्टी एकाच हृदयात नांदू शकतात. शिवाय सब्रची निवड तिने स्वतः केली होती. तिच्या भावाने, मुलाने किंवा मोहल्ल्याने ती तिच्यासाठी केली नव्हती. सब्र हा स्वतःच्या दुःखावर करायचा असतो. दुसऱ्याच्या वेदनेवर आपण करतो तो सब्र नव्हे. तेथे आपल्याला रहम करण्याची आज्ञा आहे.

वाहत्या रक्तात नमाज

खाला म्हणत, “मी पाक कुठे आहे?” हा प्रश्न अनेक भगिनींच्या मनात असतो आणि लाजेमुळे तो विचारला जात नाही. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी तो थेट प्रेषितांना विचारला होता. माझे रक्त थांबत नाही, मी नमाज सोडून द्यावी काय? प्रेषितांनी त्यांना नमाज सोडू दिली नाही. हे मासिक पाळीचे रक्त नसून एका शिरेचे रक्त आहे, असे त्यांना समजावले. पाळीचे दिवस तेवढे वगळून नमाज चालू ठेवण्यास सांगितले.

एका शिरेचे रक्त! गाठीतून वाहणारे रक्त याच प्रकारात येते. अशा रुग्णाला शरीअतमध्ये माजूर म्हणतात. हनफी मतानुसार प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी एक वजू करावी. ती वेळ संपेपर्यंत त्या रक्ताने वजू तुटत नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांच्या मतानुसार वेळ झाल्यावर शक्य तेवढी स्वच्छता करून, पट्टी बांधून, प्रत्येक फर्ज नमाजसाठी वजू करावी. पाणी सोसत नसेल तर तयम्मुम आहे. उभे राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर आडवे पडून इशाऱ्याने नमाज अदा होते. बारकावे आपल्या मसलकच्या आलिमांकडून विचारून घ्यावेत. पण मूळ गोष्ट स्वच्छ आहे: रक्तामुळे अल्लाहचे दार बंद होत नाही.

कोणी विचारेल, रक्त वाहत असतानाही नमाज होते तर मग ते थांबवण्याचा आग्रह कशाला? सवलत आहे म्हणून ओझे हलके करू नये, असा तिचा अर्थ होत नाही. ज्या आजारी स्त्रीला दिवसातून पाच वेळा दुसऱ्याच्या मदतीने कपडे बदलून, धुऊन, पट्टी बांधून बसावे लागते तिला विचारा. तिच्यासाठी थांबलेले रक्त ही केवळ वैद्यकीय गोष्ट राहत नाही.

रुग्णाची संमती आणि सत्य

प्रेषितांच्या अखेरच्या आजारातील एक प्रसंग हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितला आहे. ते गुंगीत असताना घरच्यांनी त्यांच्या तोंडात एका बाजूने औषध घातले. नको, अशी खूण ते करत होते. आजारी माणसाला औषध नकोसे असतेच, असे समजून घरच्यांनी ती खूण मनावर घेतली नाही. शुद्धीवर आल्यावर प्रेषितांनी विचारले, मी तुम्हांला मना केले नव्हते काय? आणि घरात उपस्थित असलेल्या प्रत्येकाला तेच औषध घेण्यास लावले; हजरत अब्बास (रजि.) त्या वेळी तेथे नव्हते म्हणून त्यांना वगळले. प्रेमाने का होईना, रुग्णाचा नकार ओलांडणे त्यांनी चालवून घेतले नाही.

हा धडा दोन्ही बाजूंना लागू आहे. आईला न विचारता उपचार नाकारणारा मुलगा आणि आईला न विचारता उपचार लादणारी मुलगी, दोघेही एकाच ठिकाणी चुकतात. शुद्धीत असलेल्या प्रौढ रुग्णाचा निर्णय त्याचाच आहे. आणि निर्णय घ्यायचा तर त्याला सत्य माहीत हवे. आपल्या घरांत रोगाचे नावच लपवण्याची रीत आहे. “ऑपरेशन करून सगळे ठीक होणार आहे,” असे सांगून रुग्णाला नेले जाते. नंतर गाठ तशीच आहे हे कळते तेव्हा त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो, आणि ज्यांच्या आधाराने अखेरचा काळ काढायचा त्यांच्याच बाबतीत उडतो. सत्य कठोरपणे एकदम सांगावे असे नाही. ते हळुवारपणे, विचारेल तेवढे, टप्प्याटप्प्याने सांगता येते. मात्र त्याच्या जागी असत्य ठेवू नये.

सत्याचे आणखी एक कारण आहे. ज्याच्याजवळ देण्या-घेण्यासारखे काही आहे अशा मुस्लिमाने दोन रात्रीही वसीयत न लिहिता घालवू नयेत, अशी ताकीद प्रेषितांनी दिली आहे. कर्ज फेडायचे असते, कोणाची अमानत परत करायची असते, बहिणीचा राहिलेला हिस्सा द्यायचा असतो, कोणाची तरी माफी मागायची असते. थांबलेल्या रक्ताने मिळालेले आठवडे याच कामांसाठी आहेत. ते आठवडे कशासाठी आहेत हेच रुग्णाला ठाऊक नसेल तर आपण त्याला वेळ दिला आणि वेळेचा उपयोग काढून घेतला.

मर्यादा कोठे

प्रत्येक रुग्णावर हा उपचार करावाच, असा निष्कर्ष यातून काढू नये. जेद्दाच्या ठरावातील मकरूहची कसोटी येथे उपयोगी पडते. रुग्ण अखेरच्या दिवसांत आहे, मूत्रपिंडे थकली आहेत, प्रवासही सोसणार नाही. किंवा रक्त अगदी थोडे जात असून त्याचा रुग्णाला फारसा त्रास नाही. अशा वेळी उपचाराचा त्रास लाभापेक्षा मोठा ठरतो. मग तो न करणे हे कर्तव्यात कसूर करणे नव्हे.

खर्चाचा विचार करणे हा कंजूषपणाही नव्हे. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारपणात आपली बहुतेक संपत्ती दान करू पाहत होते. प्रेषितांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे बरे, असे सांगितले. पुण्यकर्मातही जर ही मर्यादा आहे, तर लाभ नसलेल्या उपचारासाठी घर विकणे किंवा व्याजाचे कर्ज काढणे कसे योग्य ठरेल? मात्र लाभ स्पष्ट असून केवळ पैशाअभावी उपचार अडत असेल, तर ती त्या कुटुंबाची एकट्याची जबाबदारी राहत नाही. गरजू रुग्णाला जकात देता येते. शासकीय योजनेत हा उपचार बसतो का, याची चौकशी करून देणे हेही जमातीतील शिकलेल्या तरुणांचे काम आहे.

काही शंका आपल्या वाचकांना विशेष पडतील. जिलेटिनचा स्पंज बहुधा डुकराच्या कातड्यापासून बनतो. यावर आलिमांत मतभेद आहेत. १९९५ साली कुवेत येथे झालेल्या फिकह व वैद्यक परिषदेत, मूळ पदार्थाचे रूप पूर्ण पालटल्यामुळे असे जिलेटिन शुद्ध मानले गेले. अनेक आलिम हे मान्य करत नाहीत. ते मान्य नसणाऱ्यांनाही दोन वाटा मोकळ्या आहेत. कृत्रिम कण व धातूची वेटोळी ही पर्यायी साधने आहेत; ती आपल्या रुग्णासाठी चालतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. आणि पर्याय नसेल, जीव धोक्यात असेल, तर नाइलाजाच्या स्थितीत निषिद्ध वस्तूची मनाई सैल होते, हे सूरह अल-बकराच्या १७३ व्या आयतीने आपल्याला शिकवले आहेच. दुसरी शंका पडद्याची. शक्य तेथे स्त्री डॉक्टर मागावी. नसेल तर गरजेपुरते अंग उघडणे अनुज्ञेय आहे. पुष्कळदा हा उपचार मनगटातूनही करता येतो, हेही विचारावे.

आणि कोणताही उपाय उरला नाही तर? तेव्हाही करण्यासारखे खूप असते. एकाएकी मोठा रक्तस्राव होऊ शकतो हे ओळखून, अखेरच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थांतील परिचारिका गडद रंगाचे टॉवेल व चादरी हाताशी ठेवतात. रक्त डोळ्यांवर येऊ नये आणि रुग्ण घाबरू नये, एवढाच हेतू असतो. वेदना व धास्ती शमवणारे औषध तयार ठेवले जाते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून अशी सेवा देणारी संस्था आहे, आणि केरळात तर ही सेवा घरोघरी पोहोचली आहे. वेदना शमवणे आणि मृत्यू घडवणे यांत स्पष्ट रेषा आहे. दुःखाला कंटाळून मृत्यूची इच्छा करू नये, असे प्रेषितांनी शिकवले. मग तो कोणाला देण्याचा अधिकार आपल्याला कोठून? पण हात हातात धरणे, ओठ ओले करणे, कानाशी हळू आवाजात कलमा म्हणणे, हे शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या हाती असते.

खालांचे उत्तर

दोन दिवसांनी मुलीने धीर करून आईला सर्व सांगितले. गाठ जाणार नाही, हेही सांगितले. “ते मला ठाऊक आहे,” खाला म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “मला जानमाजवर एक नमाज कोरड्या कपड्यांत पढायची आहे. तेवढे होत असेल तर न्या मला.” फोनवर हे ऐकून थोरला मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, “पैसे कोणाच्या नावावर पाठवू?”

उपचार झाला. चार दिवस ताप होता, ओटीपोटात दुखत होते. पाचव्या दिवशी पट्टी कोरडी निघाली. त्यानंतर खाला ११ आठवडे जगल्या. मुलगा रजा काढून घरी आला. खालांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या मोजून हिस्से सांगितले, एका जुन्या शेजारणीला बोलावून तिची माफी मागितली. नमाज बसून पढत. अखेरच्या आठवड्यात रक्त पुन्हा थोडे दिसू लागले, तेव्हा त्यांनी आणखी काही करू नका म्हटले, आणि घरच्यांनी ते ऐकले.

रोग अल्लाहकडून आला होता, त्याचा शेवटही त्याच्याच हाती होता. मधले दिवस आमच्याकडे अमानत म्हणून होते. आपल्या आजारी माणसांच्या या अमानतीत आपल्याकडून खोट येऊ नये, त्यांचे ऐकून घेण्याचे कान आणि त्यांची सेवा करण्याचे हात अल्लाहने आपल्याला द्यावेत. आमीन.